पाणी हवे, डबके नको
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलून झाले, वीजबिलावर बोलून झाले. आता माझ्याकडे विषय आहे धरण, पूर आणि हिवताप. विषय सांगितल्याबरोबर मागच्या रांगांत थोडी चुळबूळ झाली. ती रास्त आहे. आपण कोरडवाहू माणसे. कालव्याचे पाणी आपल्याला दिसते ते दुसऱ्याच्या शिवारात. अशा माणसापुढे धरणाच्या डासांवर बोलायचे म्हणजे उपाशी माणसाला अजीर्णाचे औषध सांगण्यासारखे आहे, असे कोणी म्हणाले तर मी त्याला दोष देणार नाही.

तरीही हा विषय घेतला, त्याला कारणे दोन.

पहिले कारण असे, की डासाला धरणाची उंची कळत नाही. जायकवाडीची भिंत असो की गावाच्या नाल्यावरचा बांध. पाझर तलाव असो, कोल्हापुरी बंधारा असो की शेततळे असो. पाणी अडले की डासाच्या लेखी ते धरणच. आणि ही छोटी धरणे आता आपल्याच शिवारात आहेत. ती आणखी व्हावीत अशीच आपली मागणी आहे.

दुसरे कारण हिशेबाचे आहे. हिवतापाचा, त्यातही मेंदूवर जाणाऱ्या फाल्सिपेरम तापाचा जोर आपल्याकडे पावसाळा उलटताना असतो, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर. कापसाची वेचणी सुरू होते ती त्याच दिवसांत. रब्बी ज्वारीची पेरणीही त्याच दिवसांत. घरातली दोन माणसे दहा-दहा दिवस अंथरुणाला खिळली, तर कापूस बोंडातून लोंबतो, मातीला लागतो आणि व्यापाऱ्याला प्रत पाडायला आयते निमित्त मिळते. मजूर लावावा तर मजूरही तापलेला. दवाखान्याचा खर्च वेगळाच. हे नुकसान पीकविम्यात बसत नाही, आणि कापसाचा उत्पादन खर्च काढताना त्यासाठी रकाना नसतो. म्हणून मी म्हणतो, हा विषय डॉक्टरचा आहे तितकाच शेतकऱ्याचा आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, मग पुरावा देतो. हिवताप पाण्याने येत नाही, थांबलेल्या आणि दुर्लक्ष केलेल्या पाण्याने येतो. भिंत बांधणे हे धरणाचे निम्मे काम. अडवलेले पाणी कुठे झिरपते, कुठे साचते, कुठे तुंबते याचा बंदोबस्त हे उरलेले निम्मे. हे निम्मे काम राहिले, की त्याची किंमत काठावरचा शेतकरी तापाने फणफणून भरतो.

डासाचा संसार

बोंडअळीची आपण किती बारीक माहिती ठेवतो! अंडी कुठे घालते, अळी किती दिवसांत होते, कोष कुठे करते, सगळे तोंडपाठ. तशी डासाची ठेवली पाहिजे. घाणेरड्या हवेने थंडीताप येतो अशी समजूत शेकडो वर्षे होती. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या डॉक्टरला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला आणि ती समजूत मोडली.

सगळे डास हिवताप आणत नाहीत. गटाराच्या घाण पाण्यात होतो तो क्युलेक्स डास. तो हत्तीरोग पसरवतो, हिवताप नाही. हिवताप आणतो तो अ‍ॅनाफिलीस, आणि त्यातही फक्त मादी, कारण अंडी पिकवायला तिला रक्त लागते. भारताच्या खेड्यापाड्यांतली यातली मुख्य गुन्हेगार म्हणजे अ‍ॅनाफिलीस क्युलिसिफेसीज. देशातल्या हिवतापापैकी साठ टक्क्यांहून अधिक तिच्याच नावावर धरला जातो.

हिच्या चार सवयी लक्षात ठेवा.

पहिली सवय. हिला घाण पाणी चालत नाही. हिला स्वच्छ, उथळ, उन्हातले, संथ पाणी लागते. नदीच्या पात्रातली डबकी, कालव्याच्या कडेचा पाझर, मुरूम काढलेले खड्डे, नुकतीच लावणी झालेली भातखाचरे. उबदार दिवसांत अंड्यापासून डास उडेपर्यंत आठ ते बारा दिवस पुरतात. म्हणजे जे पाणी आठ दिवसांच्या आत आटले किंवा वाहून गेले, त्यातून डास झाला नाही.

दुसरी सवय. ती दिवसा गोठ्यात आणि घराच्या भिंतीवर विसावते आणि रात्री चावते. माणसापेक्षा तिला गुरांचे रक्त जास्त आवडते. गोठ्यात जनावर असेल तर बरेचसे चावे त्याच्या वाट्याला जातात.

तिसरी सवय. ती फार लांब उडत नाही. साधारण एक ते तीन किलोमीटर ही तिची धाव. त्यामुळे तुमच्या गावचा ताप बहुतेक तुमच्याच शिवारातल्या पाण्यातून आलेला असतो.

चौथी गोष्ट तिच्या आयुष्याची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. रोग्याचे रक्त पिऊन ती लगेच दुसऱ्याला ताप देऊ शकत नाही. जंतू तिच्या पोटात वाढून लाळेपर्यंत पोचायला दहा ते चौदा दिवस लागतात. त्याआधी ती मेली तर जंतूही तिच्याबरोबर गेला. तरुण मादी नुसती चावते, ताप देते ती म्हातारी मादी. आता कोरड्या, रखरखीत हवेत डास लवकर मरतो आणि हवेत ओल असेल तर जास्त जगतो.

आपल्या कोरडवाहू मुलखाला निसर्गाने दिलेले संरक्षण ते हेच. पाऊस सरला की डबकी आटतात, हवा सुकते, डासाचे आयुष्य तोकडे होते. पाणी अडले की हे संरक्षण जाते. डबकी पुढे चार महिने राहतात, हवेत ओल राहते आणि तापाचा हंगाम लांबतो. दुष्काळ हटवायचा तर पाणी अडवलेच पाहिजे, पण त्याबरोबर काय हटते हेही माहीत पाहिजे.

ज्वारी पिकवणाऱ्यांच्या मुलखातला दाखला

आता पुराव्याकडे येऊ. उत्तर इथिओपियात तिग्राय नावाचा डोंगराळ, कोरडवाहू प्रांत आहे. तिथला शेतकरी ज्वारी पिकवतो आणि टेफ नावाचे बारीक धान्य पिकवतो. १९८४-८५ च्या तिथल्या दुष्काळाची चित्रे साऱ्या जगाने पाहिली. पुन्हा तसा प्रसंग येऊ नये म्हणून पुढे तिथे ठिकठिकाणी मातीची छोटी धरणे बांधली गेली. आपल्या पाझर तलावाचीच भावंडे म्हणा.

तिथल्या संशोधकांनी एक साधी तुलना केली. धरणापासून तीन किलोमीटरच्या आतली गावे एका बाजूला, आठ ते दहा किलोमीटर दूरची गावे दुसऱ्या बाजूला. समुद्रसपाटीपासूनची उंची सारखी. दोन्हीकडची दहा वर्षांखालची मुले तपासली. धरणाजवळच्या गावांत दर हजार मुलांमागे महिन्याला हिवतापाचे १४ रुग्ण निघाले, दूरच्या गावांत १.९. सातपट फरक! हा अभ्यास १९९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. तो करणाऱ्यांत पहिले नाव होते डॉ. टेड्रोस आधानोम घेब्रेयेसुस यांचे. हेच डॉक्टर २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख झाले.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, मग धरण नकोच. थांबा. याच प्रांतात पुढचा प्रश्न विचारला गेला, आणि आपल्या कामाचा तो आहे. डासाच्या अळ्या नेमक्या सापडतात कुठे? तलावाच्या खोल पाण्यात? नाही. खोल पाण्यात लाटा असतात, मासे असतात, अळीचा तिथे निभाव लागत नाही. अळ्यांच्या जागांत सर्वांत मोठा वाटा निघाला भिंतीच्या पायथ्याच्या पाझराचा, चौथ्या हिश्श्याहून जास्त. त्याखालोखाल गळके कालवे. मग धरणाखालच्या ओढ्यातली डबकी आणि माणसाने खणून ठेवलेले खड्डे.

एका गावाने ही डबकी बुजवली, पाझराला चर काढून दिले, काही जागांवर सावली केली. धरण जागच्या जागी राहिले, पाणीही राहिले. आणि डास? जवळजवळ निम्मे झाले. हा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला.

म्हणजे गुन्हा धरणाच्या पाण्याचा नव्हता, धरणाच्या अर्धवटपणाचा होता.

आपल्या देशातला अनुभव

हे काही इथिओपियातच घडले असे नाही. कावेरीवरचे मेट्टूर धरण १९३४ साली पुरे झाले. त्या योजनेचे कालवे तंजावर जिल्ह्याच्या पट्टुकोट्टई तालुक्यात गेले आणि पाठोपाठ तिथे हिवताप गेला. रॉकफेलर फाउंडेशनचे डॉ. पॉल रसेल यांनी तिथे काही वर्षे राबून अभ्यास केला. डास हाच, आपला क्युलिसिफेसीज. कारणेही हीच: निचऱ्याची सोय नाही, कालव्यांची निगा नाही, खणलेले खड्डे तसेच. या प्रकाराला रसेल 'मानवनिर्मित हिवताप' म्हणत. नव्वद वर्षे होत आली या गोष्टीला.

नर्मदेवरच्या मोठ्या धरणांपैकी आधी पुरे झाले ते जबलपूरजवळचे बर्गी. तिथेही १९९० च्या दशकात अभ्यास झाला आणि जलाशयाजवळच्या गावांत दूरच्या गावांपेक्षा हिवताप जास्त आढळला. पश्चिम राजस्थानच्या वाळवंटात पूर्वी घराघरांतल्या टाक्यांत वाढणारा डास होता. इंदिरा गांधी कालवा गेला तसा कालव्याच्या पाझरावर वाढणारा क्युलिसिफेसीज तिथे पसरला. १९९४ साली जोराचा पाऊस झाला आणि त्या भागात हिवतापाची मोठी साथ आली. ज्या माणसांना पिढ्यान् पिढ्या हा ताप फारसा ठाऊक नव्हता, त्यांच्या अंगी त्याच्याशी झगडायची ताकदही नव्हती. कोरडवाहू मुलखाला या रोगाचा फटका जास्त बसतो तो यामुळे.

धरणाखालची नदी

भिंतीच्या वरच्या बाजूला काय होते ते आपण पाहिले. खालच्या बाजूला जे होते ते कमी लोकांच्या ध्यानात येते.

वाहती नदी डासाची वैरीण असते. प्रवाह अंडी-अळ्या धुऊन नेतो. पण नदीचे वाहणे थांबले, की पात्रात खडकांच्या खोबणींत शेकडो स्वच्छ, उन्हातली, संथ डबकी उरतात. हिला हवे तसेच पाणी. श्रीलंकेत १९३४ साली पावसाने दगा दिला, बारमाही वाहणाऱ्या नद्यांची डबकी झाली. १९३४-३५ च्या त्या साथीत सुमारे ऐंशी हजार माणसे मेली. देशाची लोकसंख्या तेव्हा साठ लाखही नव्हती. डास पुन्हा हाच.

जे तेव्हा अवर्षणाने केले ते पुढे धरणाने केले. १९८० च्या दशकात तिथे महावेली नदीवर कोटमाले आणि व्हिक्टोरिया ही धरणे झाली. खाली सोडायचे पाणी घटले, पात्रात डबकी पडली, आणि कँडीच्या परिसरात, जिथे हिवताप फारसा नसायचा, तिथे साथ उठली. पुढे त्याच देशात यान ओया नावाच्या ओढ्यावर संशोधकांनी दाखवून दिले, की वरच्या तलावातून पाणी सोडताना ओढ्यातली पातळी एका मर्यादेखाली जाऊ दिली नाही, तर अळ्या खूप कमी होतात. त्यासाठी वेगळे औषध नको. दरवाजा उघडायची वेळ आणि माप बदलायचे.

आणि नुसती डबकी मोजून श्रीलंका थांबली नाही. घरोघरी रक्त तपासणी, पुरा औषधोपचार, डासांवर नजर, हे सगळे नेटाने केले. सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका हिवतापमुक्त झाल्याचे जाहीर केले. धरणे आजही तिथे आहेत.

पूर आला, पूर गेला

आता पुराकडे वळू. पूर आला की लोक म्हणतात, डास वाढले. पहिल्या आठवड्यात हे खरे नसते. पूर डासाला धुऊन नेतो. अंडी जातात, अळ्या जातात. घात होतो तो पाणी ओसरल्यावर. पात्राबाहेर गेलेले पाणी परत पात्रात येत नाही. ते शेतात, रस्त्याच्या कडेला, खोलगट जागी अडकून राहते. आता दिवस मोजा. डबक्यात अंडी पडून डास उडायला आठ ते बारा दिवस. त्या मादीने एखाद्या जुन्या रोग्याचे रक्त प्याले, की जंतू पिकायला दहा ते चौदा दिवस. तिने निरोगी माणसाला चावल्यावर ताप चढायला आणखी दहा ते चौदा दिवस. बेरीज चार ते सहा आठवडे. म्हणून मोठी लाट पुरानंतर सहा ते आठ आठवड्यांनी येते. पोळ्याच्या सुमाराला पूर आला तर ताप दसरा-दिवाळीला. तोवर मदतीच्या गाड्या परत गेलेल्या असतात, वर्तमानपत्रे दुसऱ्या बातमीकडे वळलेली असतात.

यात डासाची दुसरी सवय आणखी भर घालते. पुरात गुरे वाहून जातात किंवा लांब हलवली जातात. माणसे बांधावर, शाळेत, ताडपत्रीखाली उघड्यावर झोपतात. गुरांना चावणारी मादी मग माणसाकडे वळते. दक्षिण अमेरिकेतल्या गयानात असाच बदल पुराविना घडला. भातशेतीत ट्रॅक्टर आले, गुरे घटली, आणि गुरांवर भागवणारा डास १९६० च्या सुमारास माणसांना चावू लागला. गेलेला हिवताप परत आला.

पाकिस्तानात २०२२ साली महापूर आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात २०२१ साली तिथे हिवतापाचे सुमारे पाच लाख रुग्ण होते. २०२२ साली ते सव्वीस लाखांवर गेले. एका वर्षात पाचपट. सिंधमधल्या खेड्यातला डास काही परका नाही, तिथेही हाच क्युलिसिफेसीज.

पण या हिशेबात एक चांगली बातमी लपलेली आहे. चार ते सहा आठवडे हा अवधी आपल्या हातात असतो. पहिल्या आठ दिवसांत डबके फोडले, तर पुढची साखळी तिथेच तुटते.

फवारून भागेल का?

कोणी म्हणेल, एवढे कशाला, औषध फवारू. कापूस पिकवणाऱ्याला याचे उत्तर मी काय सांगावे? बोंडअळीने एकेक औषध कसे पचवले ते तुम्ही पैसे मोजून शिकला आहात. डासही तेच शिकला. डीडीटी आणि मॅलेथिऑन हा डास देशाच्या अनेक भागांत पचवतो. मध्य अमेरिकेत तर कापसावरच्या बेसुमार फवारणीमुळे तिथल्या हिवतापाच्या डासाला औषधे लागू पडेनाशी झाली. साथीच्या वेळी फवारणी लागेल, ती व्हावी. पण डबके ठेवायचे आणि डास मारायचा, हा उद्योग गळक्या बादलीत पाणी ओतण्याचा आहे.

सुटलेले गणित

दुसऱ्या देशांनी हे गणित सोडवलेले आहे. अमेरिकेत १९३३ साली टेनेसी नदीच्या खोऱ्याचे प्राधिकरण स्थापन झाले. तेव्हा त्या भागात जवळजवळ तीस टक्के लोकांना हिवताप होता. त्यांनी धरणे बांधली, पण जलाशय भरण्याआधी काठ साफ केले. आणि डासाच्या हंगामात पाण्याची पातळी आठवड्यागणिक सुमारे फूटभर खालीवर करत राहिले. पाणी खाली गेले की काठच्या गवतातल्या अळ्या कोरड्यात पडून मरतात. घरांना जाळ्या, औषधोपचार हेही जोडीला होते. १९४७ पर्यंत तिथला हिवताप जवळजवळ नाहीसा झाला.

आपल्याकडे गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, कालव्याच्या मुलखात, नडियाद तालुक्यात १९८३ पासून डॉ. व्ही. पी. शर्मा यांच्या मलेरिया संशोधन केंद्राने गावकऱ्यांना घेऊन खड्डे बुजवले, पाण्यात गप्पी मासे सोडले. फवारणीवर मदार न ठेवता हिवताप आटोक्यात ठेवता येतो हे दाखवले.

आणखी एक बाब. आफ्रिकेत पुष्कळ ठिकाणी असे दिसले, की ओलीत आले, डास वाढले, पण हिवताप वाढला नाही, कुठे तर घटला. कारण ओलिताने पैसा आला. पैशाने चांगले घर आले, मच्छरदाणी आली, वेळेवर औषध आले. आणि दुसऱ्या बाजूला, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत मोठ्या धरणांमुळे दरवर्षी किमान अकरा लाख लोकांना हिवताप होतो असा अंदाज २०१५ साली संशोधकांनी काढला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्याला पाणी मिळाले त्याच्याकडे ताप झेलायचे साधन आले. ज्याच्या वाट्याला पाणी आले नाही आणि पाझर तेवढा आला, तो मेला. जलाशयाच्या काठावर गाळपेर करणारा, कालव्याच्या शेजारी राहून ज्याला चारी नाही तो, पुनर्वसनाच्या गावठाणात आणून टाकलेला, तो हा माणूस. पाणी एकाला आणि डास दुसऱ्याला, ही वाटणी आपल्याला मान्य नाही.

मागणी काय, काम काय

सरकारकडे आपण धर्मादाय मागत नाही. घेतलेले काम पुरे करा एवढेच म्हणतो. भिंत, कालवा, चारी आणि निचरा, हे चारही मिळून धरण होते. म्हणून मागण्या अशा:

एक, पाझर तलाव असो की मोठे धरण, पायथ्याचा पाझर चर काढून नाल्याला जोडण्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा. तो चर झाल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये.

दोन, मुरुमासाठी आणि मातीसाठी खणलेले खड्डे ठेकेदाराने बुजवावेत किंवा त्यांना उतार काढून द्यावा. त्याआधी शेवटचे बिल निघू नये.

तीन, पाणीपाळी सुरू होण्यापूर्वी कालव्याची गळती काढावी. पाळी संपली की चारी रिकामी करावी. कोरडी चारी डासाचे थडगे असते.

चार, धरणाखाली पिण्यासाठी वगैरे जे पाणी सोडायचेच आहे, ते करंगळीच्या धारेने महिनाभर न सोडता एकदम जोराने सोडावे, म्हणजे पात्रातली डबकी धुऊन निघतील.

पाच, पुनर्वसनाची गावठाणे जलाशयाच्या काठापासून डासाच्या धावेपलीकडे ठेवावीत.

सहा, पाटबंधारे खाते आणि जिल्हा हिवताप अधिकारी यांनी वर्षातून एकदा तरी गावासमोर एकत्र बसावे. एकाच्या नकाशावर पाणी आहे, दुसऱ्याच्या वहीत रुग्ण आहेत. दोन्ही कागद एका टेबलावर आले, तर कोणता पाझर कोणाला आजारी पाडतो ते शाळकरी पोरही सांगेल.

आणि हे होईपर्यंत हात बांधून बसायचे नाही. पूर ओसरल्यापासून किंवा मोठा पाऊस उघडल्यापासून आठ दिवसांच्या आत गावाभोवतालची डबकी फोडा, उतार काढून द्या. जे फुटत नाही त्यात गप्पी मासे सोडा. जिल्हा हिवताप कार्यालयात आणि आरोग्य केंद्रात मागा. शेततळ्याच्या काठचे गवत आणि शेवाळ काढा. काठ उभा आणि साफ असेल, पाण्यात मासे असतील, तर शेततळ्याची भीती फार नाही. घरातली पाण्याची भांडी आठवड्यातून एक दिवस कोरडी करा. औषधाची मच्छरदाणी मिळाली असेल तर ती झोपायला वापरा, कोंबड्या झाकायला नाही. थंडी वाजून ताप आला तर आधी रक्त तपासा. आशाताईकडे तपासणीची पट्टी असते. औषध डॉक्टर सांगेल तितके दिवस पुरते घ्या. दुसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून गोळ्या फडताळात ठेवणारा माणूस जंतू अंगात ठेवतो, आणि आपल्या हाताने पुढच्या डासाला शिदोरी बांधून देतो.

शेवटी एक काम देतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणायचा. गावाच्या चारी बाजूंना तीन किलोमीटर चालून या. आठ दिवसांपेक्षा जास्त टिकणारे पाणी कुठे कुठे आहे ते लिहा. कोणाच्या पाझराचे, कोणाच्या खड्ड्याचे, कोणाच्या गळतीचे, तेही लिहा. शेजारी गेल्या दिवाळीत किती घरांत ताप होता आणि वेचणीचे किती दिवस बुडाले ते लिहा. बायाबापड्यांना विचारा, त्यांना तो आकडा घरोघरचा पाठ असतो. असे शंभर गावांचे शंभर कागद घेऊन आपण अधिकाऱ्यांकडे जाऊ. तेव्हा पाणी नको असे आपण म्हणणार नाही. पाणी जास्त द्या असेच म्हणू. फक्त ते पिकापर्यंत पोचवा, वाटेत डासाला देऊ नका.